ती पोटाची गोळी माझी नव्हती

“पाडायचंच होतं तर सरळ माझ्याकडे यायचं. कायदा आहे आपल्याकडे. घरच्या घरी हे उद्योग कशाला केलेत?”

माझे निदान मला या शब्दांत कळले. नेरूळच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी सोनोग्राफीच्या टेबलावर पडले होते. डॉक्टरीणबाईंच्या हातात गोळ्यांचा अर्धा कापलेला पत्ता होता. काय काय घेतले असे त्यांनी विचारले, तेव्हा माझा नवरा सतीश याने तो खिशातून काढून दिला होता. त्यावरचे नाव वाचल्यापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. बोलत होत्या त्या पडद्याशी.

“मला हे मूल हवं होतं,” मी म्हणाले.

“मग ही गोळी?”

“ॲसिडिटीसाठी घेतली. सासूबाईंची आहे.”

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिले. आवाज जरा खाली आला, पण माफी मागितली नाही. तिची मी अजून वाट पाहते आहे.

निदान होते इनकम्प्लीट अबॉर्शन. म्हणजे अपुरा गर्भपात. आठ आठवड्यांचा गर्भ गेला होता, पण त्याचे काही भाग आत राहिले होते. ते तसेच राहू दिले तर रक्तस्राव थांबत नाही, जंतुसंसर्ग होतो. म्हणून क्युरेटिंग, म्हणजे भूल देऊन गर्भाशय साफ करणे. बाहेरच्या बाकावर फॉर्म भरायला नर्सने सतीशला बोलावले. गर्भाशय माझे, सही त्याची. मी आडवी पडल्या पडल्या ओरडले, “मी सही करणार!” नर्स म्हणाली, “ताई, टेन्शन नका घेऊ, मिस्टरांची चालते.” मला ते चालणार नव्हते. शेवटी दोघांची घेतली.

हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. माझे वडील कामगार संघटनेची पत्रके छापायचे. सही करण्याआधी कागद वाचावा, आणि कळले नाही तर विचारावे, हे मी बाराखडीबरोबर शिकले. तरीही मी न वाचता, न विचारता एक गोळी गिळली, आणि एकदा नाही, तीन वेळा. ते कसे घडले ते सांगते. तुमच्याही कपाटात कुणाच्या तरी गोळ्यांचा असा पत्ता असेल.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, संधिवात आहे. गुडघे आणि बोटांची पेरे सुजतात. दुखणे थांबवणारी गोळी त्या रोज घेतात. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या की पोटाच्या आतल्या अस्तराचे रक्षण कमी होते आणि तिथे अल्सर, म्हणजे जखम, होऊ शकते. गेल्या वर्षी धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी आई मस्कतला गेल्या आणि तिथे त्यांना रक्ताची उलटी झाली. तिथल्या डॉक्टरांनी उपचार केले, आणि बरे वाटल्यावर दुखण्याच्या गोळीच्या जोडीला अल्सर होऊ नये म्हणून दुसरी गोळी दिली, मिसोप्रोस्टॉल. पोटाचे अस्तर सांभाळते. जेवणानंतर घ्यायची. पहिले काही दिवस जुलाब होतात, पोटात कळ येते. आईंसाठी हे योग्य औषध होते आणि आजही आहे.

पण हीच गोळी गर्भाशयाला आकुंचन आणते. गरोदर बाईने ती घेतली तर गर्भ पडू शकतो, जोराचा रक्तस्राव होऊ शकतो, आणि गर्भ टिकला तरी त्यात व्यंग राहू शकते. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी द्यायची तर आधी ती गरोदर नाही याची खात्री करावी लागते, आणि गोळी चालू असेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नसतात. हे सगळे खोक्यावर आणि आतल्या कागदावर छापलेले होते.

खोकी मस्कतला राहिली.

आखातातून येणाऱ्यांच्या बॅगा तुम्ही पाहिल्या असतील. विमानाला वजनाची मर्यादा. माझे दीर उमेशभाऊजी यांनी सहा महिन्यांच्या गोळ्या खोक्यांतून काढल्या, पत्त्यांना रबरबँड लावले, खोकी आणि आतले कागद कचऱ्यात टाकले. वाचलेल्या जागेत दूध पावडरचे डबे आले, खजूर आले, सोसायटीत वाटायला साबण आले. सगळ्यांनी साबणाचा वास घेऊन वाहवा केली. मीही केली.

आता माझा भाग. दिवस गेल्याचे मी फक्त सतीशला सांगितले होते. तीन महिने बाहेर बोलू नये ही जुनी रीत. एरवी असल्या रीतींवर मी तासभर भांडले असते, पण या वेळी ती माझ्या सोयीची होती. महाप्यातल्या कंपनीत मला कायम होण्याचे पत्र दोन महिन्यांनी मिळणार होते, आणि पोट दिसलेल्या मुलींना तिथे पत्र मिळत नाही, ‘आराम करा’ असा सल्ला मिळतो. आईंना कळले असते तर त्यांनीही कंपनीच्या बसपर्यंत जाऊ दिले नसते. म्हणून मी गप्प बसले. सकाळी उलट्या, दिवसभर छातीत जळजळ. आईंनी पाहिले.

“काय गो, पित्त खवळलं वाटतं?”

“हो आई. कँटीनचं तेल.”

“सांगते तर ऐकत नाहीस. डबा ने म्हणून किती बोंबलू? ही घे, माझी पोटाची गोळी. मस्कतची हाय, इथल्यासारखी खडू नाय.”

मी घेतली. एक त्या दिवशी जेवल्यावर, दोन दुसऱ्या दिवशी. कळा आल्या, जुलाब झाले. तेही मी कँटीनच्या तेलावर ढकलले. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या संडासात रक्त दिसले.

ध्यानात घ्या, ही साध्या जळजळीची गोळी नाहीच. ‘पोटाची गोळी’ हे औषधाचे नाव नसते. पोटात जठर असते, आतडे असते, आणि आम्हा बायकांच्या पोटात आणखीही एक अवयव असतो, त्याची आठवण औषध देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही राहत नाही.

क्युरेटिंगनंतर चौथ्या दिवशी मी मस्कतला फोन लावायला आयएसडी बूथवर गेले. आमच्या घरी फोन यायला नंबर लावून दोन वर्षे झाली आहेत. काचेच्या पेटीत उभी राहून मी उमेशभाऊजींना विचारले, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितले नव्हते का?

खरखरीतून ते म्हणाले, “सांगितलं होतं वहिनी. दोनदा सांगितलं. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या हाती लागू देऊ नका म्हणाले. पण आईला या वयात गरोदरपणाचं काय सांगणार? लाज वाटली. सतीशला सांगीन म्हटलं. राहून गेलं.”

“लाज!” मी एवढी ओरडले की बूथवाल्याने काच ठोठावली.

सतीश म्हणतो, उमेशला सोड, तो रडत होता. रडू दे. न्हावा-शेव्याच्या बंदरात सतीश कस्टम्सचे कागद भरतो. तिथे कंटेनरमध्ये काय आहे हे कागदावर नसेल तर माल एक इंच हलत नाही. आईंच्या औषधाला तेवढाही कागद नव्हता, आणि दोन्ही सुशिक्षित भावांना त्यात काही वावगे वाटले नाही.

खरी मेख पुढे आहे. महिन्याभराने माझ्या लक्षात आले की आई जिना चढताना दोनदा थांबतात. चेहरा पिठासारखा पांढरा. विचारले तर “उन्हाचं होतं गो.” मी खोदून विचारले तेव्हा, तोंड फिरवून, म्हणाल्या की शौचाला काळे होते आहे, डांबरासारखे. किती दिवस? आठ-दहा. म्हणजे पोटात पुन्हा रक्त जात होते. वरून रक्त आले की सगळे धावतात, खालून आले की बाई लाजते.

त्याच दुपारी रिक्षाने त्यांना वाशीच्या रुग्णालयात नेले. एन्डोस्कोपी झाली, म्हणजे घशातून नळी घालून जठर आतून पाहिले. जखम उघडली होती. डॉक्टर वयस्कर होते, आणि इतक्या दिवसांत मला भेटलेले पहिलेच जे आजारी माणसाशी बोलले, बरोबरच्या पुरुषाशी नाही.

“आजी, दुखण्याची गोळी चालू आहे?”

“हाय. त्याबिगर भाकरी थापता येत नाय.”

“आणि पोट सांभाळणारी?”

“सोडली.”

“कधीपासून?”

आईंनी माझ्याकडे बोट केले. “हिचं झालं त्या दिवसापासून. तीच गोळी तोंडात कशी टाकू? माझ्याच हातानं दिली मी.”

डॉक्टर सावकाश म्हणाले, “गोळी तुमच्यासाठी होती, तुम्ही दुसऱ्याला दिलीत, ती चूक. गोळी तुमच्यासाठी होती आणि तुम्ही सोडलीत, तीही चूकच. मला विचारायचं होतंत. दुखण्याची गोळी बदलून दिली असती.”

माझा इतका संताप झाला की मी बाहेर गेले. मला त्यांच्या मरणाने केलेली भरपाई नको होती. महिनाभर एकाच ओट्यावर काम करत होतो आम्ही, आणि त्या निमूट आपले पोट जाळत होत्या. मी गप्प बसले त्याची शिक्षा झाली, भाऊजी गप्प बसले त्याची मला झाली, आणि या बाई तिसऱ्यांदा तेच करत होत्या.

आईंना दोन बाटल्या रक्त चढवले. सहा दिवसांनी घरी आल्या. जखम भरण्याची वेगळी गोळी सुरू झाली, दुखण्याची कमी झाली. दीड महिन्याने पुन्हा नळी घालून पाहिले, जखम भरली होती. मग पोट सांभाळणारी तीच जुनी गोळी परत लिहून दिली, पण आई ती आपल्या हाताने घेईनात. म्हणून मी देते, रोज, ताट संपल्यावर. पत्त्याला चिठ्ठी चिकटवली आहे: कुणाची, कशासाठी, कुणी घ्यायची नाही. तुमच्या घरातल्या प्रत्येक पत्त्याला अशी चिठ्ठी लावा. औषध दुकानात विचारा, मोठ्याने विचारा, मागची रांग ऐकू दे. दिवस गेले असतील तर कुठलीही गोळी घेण्याआधी डॉक्टरला सांगा. नोकरी जाईल म्हणून लपवावे लागत असेल तर त्या कंपनीशी भांडू, मी येईन तुमच्याबरोबर. माझे पत्र आले, पण आणखी दोघी जणींचे अडकले आहे.

एक गोष्ट मात्र मला कधीच कळणार नाही. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंना मी निघताना विचारले होते, गोळीनेच गेले का? त्या म्हणाल्या, बहुतेक. पण पहिल्या तीन महिन्यांत काही गर्भ आपोआपही जातात, छातीठोक कुणी सांगू शकत नाही.

आईंना हे माहीत नाही असे नाही. तरी परवा जेवताना त्यांनी विचारलेच. गेले काही दिवस रोज विचारतात.

“त्या गोळीनंच गेलं का गो?”

“माहीत नाही, आई.”

“आपोआप गेलं असेल म्हण ना. खोटं तरी बोल एकदा.”

“नाही बोलणार.”

त्यांचे डोळे भरले होते, माझेही. मी त्यांच्या पानात भात वाढला.

“आधी जेवा पोटभर,” मी म्हणाले. “रिकाम्या पोटी गोळी चालत नाही.”