हातांचं शपथपत्र

"पहिले कागद," काकू म्हणायच्या. ओठांत तीन-चार टाचण्या धरलेल्या असतानाही हे दोन शब्द त्यांच्या तोंडून स्वच्छ निघायचे. समोरची बाई कितीही घाईत असो, तिच्या हातातली कात्री त्या काढून घ्यायच्या, कालचा पेपर तिच्यापुढे पसरायच्या आणि सांगायच्या, "पहिले कागद. कपडा पळून नाही जात."

रायपुरात, बूढ़ापारा मोहल्ल्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत त्यांची समोरची खोली होती. तिथे दुपारी दोन ते पाच ब्लाउज कापायचा वर्ग चालायचा. बायका त्यांना दीदी म्हणत, मी काकू म्हणायची. तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल, जिच्याकडे अर्धी गल्ली शिकली आणि जिच्या दारावर पाटी कधी लागली नाही. काकूंच्या वर्गात नव्या बाईला पंधरा दिवस कपड्याला हात लावता यायचा नाही. पेपरवर खडूनं गळा काढायचा, बाही जोडायचा मुंढा काढायचा, कापायचा, चुकायचा, पुन्हा कापायचा. पेपरात रोज कोणी ना कोणी मंत्री असायचाच. नेमका त्याच्या फोटोवर गळा यायचा आणि एखादी बाई कात्री थांबवून विचारायची, दीदी, इनको काट दूँ? काकू मान न वळवता म्हणायच्या, "काट दे. पर गोल काट."

माझी आई त्यांच्यासाठी काजं-हूक आणि तुरपाई करायची. माझी शाळा आणि नंतरचं कॉलेज त्या हुकांवर झालं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मिरवते आहे. मिरवतेच. माझ्या निकालाच्या दिवशी काकूंनी मला जांभळा ब्लाउज शिवून दिला होता आणि आईला म्हणाल्या होत्या, "आता ह्या पोट्टीच्या हातात सुई देऊ नको."

काकूंचे व्हिडिओ होते, हे गल्लीत फार कोणाला माहीत नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी शहरातल्या एका शिलाई मशीनच्या शोरूमवाल्या शेठनं त्यांना बोलावून घेतलं. मशीन विकायची तर चालवून दाखवायला कोणी हवं. काकूंचे मिस्टर रेल्वेच्या मालगोदामात क्लर्क होते, माणूस वाईट नव्हता, पण त्यांची एक अट होती: हात दिसले तर दिसू दे, तोंड नको. काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. कापायला तोंडाचं काय काम, असं त्या हसून सांगायच्या. शोरूमच्या मागच्या खोलीत त्यांनी तीन महिने शिकवलं. टेबलावर कॅमेरा, कॅमेऱ्याखाली दोन हात, आणि त्यांचा तो ठसक्यातला आवाज. मशीन कसं चालवायचं हे शेठनं सांगितलं होतं. कागद, गळा, मुंढा, बाही, छातीची कटोरी हे सगळं काकूंनी आपल्या मनानं लावलं. शेठनं मोबदल्यात एक मशीन दिलं आणि व्हिडिओ स्वतःच्या शोरूमच्या नावानं इंटरनेटवर टाकून दिले.

धमतरीपासून बस्तरपर्यंतच्या बायका ते पाहत होत्या. नाव कोणाला ठाऊक नव्हतं. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी इस्त्रीचा भाजल्याचा डाग होता, त्यावरून बायका खाली लिहायच्या, वो जले निशान वाली दीदी का वीडियो भेजो.

मग काकूंना संधिवातानं धरलं. बोटं एकेक करून वाकली. कात्री सुटली, मग खडू सुटला. वर्ग बंद झाला. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी समता कॉलोनीत दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्यांच्या एका कंपनीत मोबाईल ॲप बनवायचं काम करत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. शेठच्या पानावर व्हिडिओ उलटेसुलटे पडले होते, मधेमधे मशीनच्या जाहिराती होत्या. बायका सरळ कटोरीवर जायच्या आणि कपडा वाया घालवायच्या. "तू सगळे एका ओळीत लाव," त्या म्हणाल्या. "पहिले कागद, मंग गळा, मंग बाकी. आणि वर माझं नाव लिही. नवऱ्याचं नाही, माझं. आता काय तोंड लपवायचं राहिलं आहे?"

एवढंच त्यांना हवं होतं. शिकवणारी म्हणून स्वतःचं नाव, एकदा.

मी साहेबांना विचारून ते ॲप सुट्टीच्या दिवसांत बनवलं. व्हिडिओ शेठच्याच पानावरून चालायचे, ॲप फक्त त्यांना ओळीत लावायचं. पहिल्या पडद्यावर काकूंचं नाव मोठ्या अक्षरात. ॲप मोबाईलवर मिळण्यासाठी आधी मोबाईलवाल्या कंपनीच्या ॲप स्टोअरला पाठवावं लागतं, तिथे कोणीतरी तपासतं. चार दिवसांनी उत्तर आलं. तुमचं ॲप दुसऱ्याच्या जागेवरचे व्हिडिओ चालवतं, ते चालवायचा अधिकार तुम्हाला आहे याची कागदपत्रं जोडा.

मी ते मराठीत सांगितलं. मला वाटलं काकू चिडतील. त्या उलट खूश झाल्या. "बरोबर मागून राहिले ते. कागद तर पाहिजेच."

आणि मग आम्ही ते केलं, जे आमच्यासारखी माणसं करतात. आम्ही कचेरीत गेलो.

कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या नोटरीनं जमिनीची, नावबदलाची, जातीची शपथपत्रं आयुष्यभर केली होती. हातांचं त्याच्याकडे कोणी आलं नव्हतं. त्यानं माझ्या मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. पडद्यावरची बोटं सरळ होती, खडूची रेघ एका झटक्यात ओढत होती. मग त्यानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदराखालून दोन्ही हात काढले आणि त्याच्या टेबलावर, शिक्क्यांच्या मधे ठेवले.

"यही हैं?" त्यानं विचारलं.

"हव साहब, यही हैं. पुराने हो गए."

तो टाइप करणाऱ्याला सांगू लागला, मैं शपथपूर्वक कथन करती हूँ कि उक्त वीडियो में दिखाई देने वाले दोनों हाथ मेरे हैं. अंगठ्यावरच्या डागाचाही उल्लेख त्यानं आपणहून घातला. काकूंच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी सहा जणी साक्षीदार म्हणून आल्या होत्या, एक तर धमतरीहून बसनं. आम्ही हे हात ओळखतो, असं लिहून त्यांनी खाली सह्या केल्या. एकीनं काकूंच्या कानाशी तक्रार केली, माझा गळा अजून मागून उठतो. काकू तिथेच तिला मुंढ्याबद्दल सांगायला लागल्या आणि नोटरीला मागचा माणूस थांबवावा लागला.

मी त्या कागदाचं इंग्रजी केलं. रविवारचा पूर्ण दिवस बसले. कॉलेजात शिकलेलं सगळं इंग्रजी मी त्या एका पानात ओतलं. काकूंच्या हातांचा फोटो काढला, डाग नीट दिसेल असा, तोही जोडला. माझी खात्री होती. एवढं पाहून कोण नाही म्हणेल?

उत्तर तेच आलं. आधीच्याच चार ओळी. त्याखाली एक ओळ जास्त होती: व्हिडिओ ज्याच्या पानावर आहेत, त्याची लेखी परवानगी हवी.

आमचं शपथपत्र कोणी वाचलं की नाही, मला आजही माहीत नाही. कदाचित माणसानं पाहिलंच नसेल. आपण हात टेबलावर ठेवतो तेव्हा समोर कोणीतरी बसलेलं आहे, असं आपल्याला वाटत असतं.

"पण तो तर मशीन विकते," काकू म्हणाल्या. "त्याले कुठं कापता येते?"

मी तिसऱ्यांदा पाठवलं, शब्द फिरवून. तिसऱ्यांदाही परत आलं. आता साहेब तापले. कंपनीच्या एकाच खात्यातून सगळ्या गिऱ्हाइकांची ॲप जात होती, दवाखान्याचं, कोचिंगचं. एकच ॲप वारंवार परत येत राहिलं तर सगळं खातं बंद होऊ शकतं, असं ते म्हणाले. एकदा नीट कागद लाव, नाहीतर काढून टाक.

मी शेठकडे गेले. त्यांनी चहा पाजला, काकूंची तब्येत विचारली, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. परवानगी द्यायला तयार होते. त्यांच्या वकिलानं दोन पानांचं इंग्रजी पत्र करून दिलं. पहिल्या पडद्यावर शोरूमचं नाव येईल, दुसरं कोणाचं नाही. व्हिडिओ आणि त्यातला मजकूर शोरूमचा. व्हिडिओत दिसणारी महिला शोरूमनं हँड मॉडेल म्हणून घेतलेली होती, आणि तिचा कशावरही दावा नाही. खाली त्या महिलेची सही. "दीदी को बोलो, फॉर्मेलिटी है," शेठ म्हणाले.

पत्र घेऊन मी काकूंच्या खोलीत बसले, त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी हँड मॉडेल म्हणजे काय ते विचारलं. खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं: जिचे नुसते हात दाखवायला घेतले, ती बाई.

काकूंनी कागद आपल्याकडे ओढला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी बोट ओळीखालून फिरवत होत्या.

"आणि शिकवलं कोणी, ते कुठं लिहिलं आहे?"

"नाही लिहिलं, काकू."

"मंग तू लिहून टाक न."

"लिहिलं तर शेठ परवानगी देत नाहीत."

त्यांनी कागद घडी केला, पुन्हा उघडला. "तू काय म्हणतेस? तू शिकलेली आहे."

इथे मी थांबू शकत होते. म्हणू शकत होते, नको काकू, राहू द्या. पण तीनदा परत आलेलं काम माझ्या डोक्यात बसलं होतं. ज्या पोरीला आजवर कोणी नापास केलं नव्हतं, तिला नापास व्हायचं नव्हतं. मी म्हणाले, "सही करून द्या. निदान बायकांना तरी ओळीनं शिकायला मिळेल."

बोटांत पेन ठरत नव्हता. त्यांनी चिंध्यांच्या डब्यातून अस्तराची एक पट्टी काढायला सांगितली, पेनाला गुंडाळून जाड केला आणि मुठीत धरून सही केली. वेळ लागला. मी कागद दोन्ही बाजूंनी धरून ठेवला होता.

ॲप दोन दिवसांत पास झालं. ऑफिसात पेढे वाटले. मी मोबाईल घेऊन काकूंकडे गेले. पहिल्या पडद्यावर शोरूमचं नाव आणि मशीनचं चित्र. त्यांनी सगळे धडे शेवटपर्यंत पाहिले. बाहीचा एक धडा पुढे आला होता तो मागे घ्यायला सांगितला. मग मोबाईल परत देत म्हणाल्या, "छान झालं, मॅडम."

त्या दिवसापासून मी मॅडम झाले. पोट्टी त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही.

आईला सगळं उशिरा कळलं. ती तुरपाई करत होती, सुई चालू ठेवूनच म्हणाली, "तिनं तुले शिकवलं. आणि तू तिचं नाव खाल्लं." मी तिला अकाउंट, नियम, परवानगी असं बरंच समजावलं. तिनं ऐकून घेतलं. नंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

गल्लीतल्या बायका अडल्या की सवयीनं काकूंच्या दारात जायच्या. काकू त्यांना आत घेत नव्हत्या. दाराशीच सांगायच्या, मोबाईलमधी आहे सगळं, दुकानवाल्यानं शिकवलं आहे. आवाजात राग नसायचा, तेच ऐकवत नसे. इथे मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. जिथे लिहायचं होतं तिथे लिहिलं नाही. आता इथे लिहून कोणावर उपकार करू?

मुलानं त्यांना नवा रायपुरला नेलं, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी एकदाच जाऊ शकले. खाली रुंद रस्ते, त्यावर माणूस नाही. काकू सोफ्यावर बसल्या होत्या, हात शालीखाली. आम्ही आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो, तलावाबद्दल बोललो. त्यानंतर सहा महिन्यांनी त्या गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं.

मी भेटायला गेले होते त्या दुपारी शेजारची एक तरुण बाई वाटी परत द्यायला आली. बसली. नवा ब्लाउज घातला होता आणि टेलरवर चिडलेली होती. इतक्या लांब कोणी चांगला मिळत नाही, दोनदा दुरुस्त केला तरी हात वर केला की सगळा चढतो, असं सांगत होती. मग सहज काकूंना विचारलं, "आंटी, आपको सिलाई आती है क्या?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नहीं बेटा," काकू म्हणाल्या. "मैं तो घर में ही रहती थी."

मी चहाचा कप हातात धरून बसले होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मला हिंदीत, मराठीत, इंग्रजीत, तिन्ही भाषांत येत होतं.

ती बाई उठली आणि दाराकडे निघाली. काकूंची नजर तिच्या पाठीवर होती. ब्लाउज डाव्या खांद्याखाली ओढला जात होता, मुंढा अर्ध्या बोटानं कमी कापला गेला होता. मलाही ते दिसत होतं. दार लागलं.