सावकाश गं, व्हर्लीन

ओझेला प्रूइटची धाकटी बहीण व्हर्लीन मंगळवारी गेली, आणि गुरुवार उजाडला तरी ओझेलाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारणी भाजलेल्या मॅकरोनीची, शिजवलेल्या पालेभाजीची भांडी आणून ठेवत होत्या. कुठल्या भांड्यावर कुणाच्या नावाची पट्टी आहे ते बघून ओझेला ती ओळीनं लावत होती. बाई दगड झाली, असं लोक म्हणाले. लोकांना बोलायला काय जातंय!

अलाबामातल्या आमच्या चर्चमध्ये ती जन्मभर दाराशी उभी राहिली. पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी. लोकांना जागेवर बसवायचं, कुणाच्या अंगात पवित्र आत्मा संचारला तर सावरायचं, पुठ्ठ्याच्या पंख्यानं वारा घालायचा. स्वतः मात्र चकार शब्द काढायचा नाही. हा नियम तिनं एकदाच मोडला, आणि तोही नेमका सदुसष्ट साली, आमच्या गायकमंडळींची एकुलती एक रेकॉर्ड भरत होती त्या रविवारी. व्हर्लीन घाबरून भराभर गायला लागली आणि ही दारातून ओरडली. पाद्रीसाहेबांनी सगळ्यांदेखत हिची खरडपट्टी काढली. रेकॉर्डची पार माती केलीस, म्हणाले.

ते ओझेलाच्या इतकं जिव्हारी लागलं, की ती रेकॉर्ड तिनं घरात कधी लावलीच नाही. शेवटी गावच्या म्युझियमला देऊन टाकली. पुढं पक्षाघातानं व्हर्लीनचा आवाज गेला. आता तो उरला होता फक्त म्युझियमच्या काचेच्या कपाटातल्या त्या रेकॉर्डवर.

ओझेला म्युझियमात गेली आणि रेकॉर्ड लावा म्हणाली, तेव्हा तिथली कॅमिल नावाची मुलगी अदबीनं नाही म्हणाली. सुईनं तबकडी झिजते, वाजवायची परवानगी नाही.

ओझेलानं पर्समधून आपले पांढरे हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"शनिवारी पुरायचंय तिला," ती म्हणाली. "मला रडू येत नाहीये, पोरी. तिचा आवाज तरी ऐकू दे."

कॅमिल आत जाऊन आपल्या साहेबांशी बोलून आली. एकदाच, म्हणाली.

रेकॉर्ड खरखरली. व्हर्लीन गायला लागली, विशीतली, धापा टाकत, शब्द गिळत. ओझेला आपसूक उठून उभी राहिली, डावा हात पाठीशी. मग तो ओरडा आला, तिचा स्वतःचा, कोवळा: "सावकाश गं, व्हर्लीन! सावकाश!"

आणि व्हर्लीन किंचित हसली. रेकॉर्डवर स्वच्छ ऐकू आलं. तिनं श्वास घेतला, आणि पुढची ओळ अशी संथ, मोकळ्या गळ्यानं उचलली, की मागची सगळी मंडळी तिच्या लयीत आली.

गाणं संपलं तेव्हा कॅमिलच रडत होती. ओझेलानं सवयीनं तिला खांद्याला धरून बसवलं, पर्समधला पंखा काढला आणि वारा घालायला लागली.

"ऐकलं होतं तिनं माझं," ती म्हणाली. "आणि मी तिला या रेकॉर्डवर एकदासुद्धा ऐकलं नाही."

डोळे कोरडेच होते. पंखा तेवढा थांबेना.