घोड्याच्या केकवरचं नाव

मॅडमने मला दिलेलं नाव मी इथे लिहिणार नाही. घोड्याचंही लिहिणार नाही. घोड्याशी माझं भांडण नाही, पण त्याचं नाव राखायला जगात पुष्कळ माणसं आहेत. त्यात माझी भर नको.

मॅडम इंग्रज. कुवेतमधल्या एका इंग्रजी शाळेत तिने बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि नवरा गेल्यावरही ती इथेच राहिली. मी तिच्याकडे स्वयंपाकाला होते. तोंडावर मी मॅडम, मॅडम करायचे. इथे लिहिताना तिला नुसतं 'ती' म्हणते.

पहिल्या दिवशी तिने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने एकदा म्हणून पाहिलं, अर्ध्यात अडकली आणि हसली.

"फार अवघड आहे गं. मी तुला दुसरं ठेवते. सोपं."

तिने ठेवलं. मला मान खाली घालायची सवय, मी घातली. आठवडाभराने तिने मला एक पांढरा एप्रन दिला. छातीवर लाल धाग्याने तेच नाव भरलेलं. खिशाच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा पिवळा डाग होता. मला वाटलं, शिवणाऱ्याकडून पडला असेल. कुणीतरी माझ्यासाठी भरतकाम करून घेतलं, याचंच मला एवढं कौतुक वाटलं की तो एप्रन मी घरी आणून नवऱ्याला दाखवला. तो अम्गराला भंगाराच्या यार्डात काम करतो.

"बघा, माझं नाव काढलंय."

"हे तुझं नाव?" तो म्हणाला. "मग निकाह कोणाशी लागला माझा?"

मी रुसले. तेव्हा तो म्हणाला, "घाल गं, घाल. आम्हाला तर नुसता नंबर आहे."

मॅडमच्या हॉलमध्ये त्या घोड्याचा मोठा फोटो होता. तिकडे शर्यतीत घोडे नुसते पळत नाहीत, वाटेतली कुंपणं आणि चर ओलांडत कोसभर धावतात. कितीतरी घोडे पडतात, स्वार पडतात. हा पडायचा नाही. सगळ्या इंग्लंडचा लाडका होता म्हणे. मॅडमचा बाप त्याचा मोतद्दार. फोटोच्या कडेला लगाम धरलेला एक हात दिसतो, बाकीचा माणूस चौकटीच्या बाहेर. "तो डॅडीचा हात," असं ती प्रत्येक पाहुण्याला सांगायची. फोटोखाली घोड्याचं नाव, मालकाचं नाव, स्वाराचं नाव. हाताचं नाव नाही. मी रोज ती काच पुसायचे, आणि मॅडम पाहुण्यांना बोट ठेवून ती नावं वाचून दाखवायची, म्हणून मला ठाऊक.

घोडा मरून कितीतरी वर्षं झाली, तरी त्याचा वाढदिवस दर एक जानेवारीला व्हायचा. तिकडच्या शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारीच धरतात, मग जन्म कधीही होवो. मॅडमने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या शाळेत गुरुजींनी आम्हा सगळ्या पोरांची तारीख एक जून लावली होती. चौथीपर्यंत शिकले मी तिथे. घोड्याला आणि मला तेवढं एक सारखं मिळालं.

वाढदिवस खैरानला व्हायचा, समुद्राकाठी भाड्याने घेतलेल्या बंगलीत. फोटो गाडीत माझ्या मांडीवर. पाहुणे दहा-बाराच, सगळे गोरे. जेवण माझं. सुका मेवा घातलेला केकही माझाच. त्यावर पांढरा थर द्यायचा आणि चॉकलेटने घोड्याचं नाव काढायचं. मला इंग्रजी वाचता येत नाही. फोटोखालची अक्षरं समोर ठेवून मी ती रांगोळीसारखी काढायचे. केक कापण्याआधी मॅडम मला आतून बोलवायची, त्या सोप्या नावाने. मी एप्रन घालून उभी राहायचे, लोक टाळ्या वाजवायचे आणि मी परत आत.

मग ती नावांच्या गोष्टी सांगायची. मला इंग्रजी मोडकंतोडकंच बोलता येत असलं तरी कानाला कळायचं. पूर्वी त्यांच्याकडे माणसाला एकच नाव असायचं. गावात एका नावाचे फार झाले, तेव्हा लोखंड ठोकणाऱ्याला लोहार म्हणू लागले, टेकडीखाली राहणाऱ्याला टेकडीचा, आणि तेच पुढे पोरांना लागलं. आमच्याकडे गावावरून पडतं, तसंच की. मॅडमच्या स्वतःच्या आडनावाचा अर्थ पाव भाजणारा. म्हणजे तिचाही कुणी पूर्वज भट्टीपुढे घाम गाळत होता, आणि त्याचं नाव अजून चालू आहे. घोड्याच्या नावात अर्धं नाव आईचं, अर्धं बापाचं. "आणि एवढ्या मोठ्या घोड्याचं नाव पुन्हा दुसऱ्या घोड्याला देता येत नाही," ती बोट वर करून म्हणायची. "कधीच नाही. ते त्याचंच."

मी ताटं उचलत हे ऐकायचे आणि मला काही वाटायचं नाही. गेल्या हिवाळ्यापर्यंत नाही.

त्या दिवशी मी मॅडमकडून निघून आमच्या मिरकाबच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कांदे घेत होते. एप्रन धुवायचा होता म्हणून हातावर टाकलेला. शेजारी एक गोव्याकडची बाई उभी होती, वयाने माझ्याहून मोठी. ती एप्रनकडे बघत राहिली. मग तिने ते नाव घेतलं. मी मान वर केली.

"तू पण का बाय?" ती म्हणाली.

"पण म्हणजे?"

तिने सरळ एप्रन ओढला आणि खिशाचा कोपरा उलटला. "हा डाग माझा. इस्त्री ठेवून फोनवर बोलत होते. केवढी ओरडली होती! घोडा आहे ना अजून भिंतीवर?"

"आहे."

"माझ्याआधी श्रीलंकेची एक होती. तिचं पण हेच नाव. मॅडमच्या सासूच्या घरी स्वयंपाकिणीला हेच म्हणायचे. बाई बदलते, नाव तेच." ती हसायला लागली. "मी मेले समजून तुला दिलं की काय!"

मला हसता आलं नाही. माझं नाव बापाने कानात अजान देऊन ठेवलेलं. ते बाजूला सारून मी जे छातीवर मिरवलं, ते दुसरीचं उतरवलेलं निघालं. घोड्याचं नाव दुसऱ्या घोड्याला चालत नाही, आणि माझं? ज्या बाईच्या बापाच्या हातालाही फोटोखाली नाव मिळालं नाही, तिला तरी हे कळायला हवं होतं. ते कळलं असतं तर मी इतकी जळले नसते.

तरी मी तिला एक संधी दिली. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी केकवर पांढरा थर देताना मी म्हणाले, "मॅडम, उद्या लोकांपुढे मला माझ्या नावाने बोलवा."

एवढं वाक्य मी कितीतरी दिवस घोळवलं होतं. तिने वरही पाहिलं नाही.

"अगं, त्यांना नाही जमणार. आणि हे तुला शोभतं. सगळे तुला याच नावाने ओळखतात."

"बरं," मी म्हणाले.

खैरानला त्या दिवशी गार वारा सुटला होता, दारं लावून सगळे आत बसले होते. मी स्वयंपाकघरात चॉकलेटची पिशवी हातात घेतली. फोटो हॉलमध्ये होता, पण मला तो नकोच होता. अक्षरं माझ्या छातीवर होती. एप्रन काढून समोर पसरला आणि एक एक अक्षर केकवर उतरवलं. इतकं सुबक मी घोड्याचं नाव कधी काढलं नव्हतं.

मॅडमने हाक मारली. मी केक घेऊन गेले, एप्रनशिवाय, आणि फोटोच्या खाली ठेवला.

आधी कुणीतरी हसलं. गंमत वाटली असेल. मग घोडेस्वारी शिकवणारा एक म्हातारा चष्मा लावून वाकला आणि त्याने ते नाव मोठ्याने वाचलं. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा गळ्यापासून लाल होत वर गेला.

"हे काय आहे? घोड्याचं नाव कुठे आहे?"

"मॅडम, त्याचं नाव फार अवघड आहे," मी म्हणाले. इंग्रजीत, तिच्याच शब्दांत. "हे सोपं आहे. त्याला शोभतं."

म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "मग तुझं नाव काय?"

मी सांगितलं. त्याने म्हटलं, चुकला. मी परत सांगितलं. तो परत चुकला, तरी पहिल्यापेक्षा जवळ आला. तिसऱ्या वेळी मी मॅडमकडे बघून सांगितलं. तिने सुरी घेतली आणि केक कापला, आणि ते नाव तुकड्या-तुकड्याने त्यांच्या बशांत गेलं. मी दाराशी उभी राहून शेवटचा तुकडा संपेपर्यंत पाहिलं. मान वर ठेवून.

परतताना गाडीत फोटो तिने स्वतःच्या मांडीवर घेतला. त्यानंतर तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. "ऐक," म्हणायची, किंवा नुसती भांडं वाजवायची. उन्हाळ्याआधी मला एका मराठी कुटुंबाकडे काम मिळालं, तिथल्या ताई मला माझ्या नावाने बोलवतात. मी मॅडमला निघते म्हणून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "एप्रन धुऊन ठेव."

म्हणजे आणखी एक येणार होती.

मी एप्रन धुतला, स्टार्च केला, इस्त्री केली आणि घडी घालून तिच्या हातात दिला. तिने घडी उलगडली. नावाच्या जागी नुसती सुईची बारीक भोकं राहिली होती.

"तू ते उसवलंस?"

"हो."

ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मला हाक मारायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. मी चपला घातल्या.

लाल धागा मी टाकला नाही. नवऱ्याच्या कामाच्या निळ्या डांगरीची बटणं त्याने लावली आहेत. अम्गराच्या धुळीत तो काळा पडत चाललाय.

"निळ्यावर लाल?" नवरा म्हणाला. "लोक हसतील."

"हसू दे," मी म्हणाले. "घाला."