कामाच्या मावशी

अंजूरच्या जानकीबाईंच्या घरात भिंतीवर दोन घड्याळं आहेत, पण त्यांच्याकडे त्या बघतात कुठे? त्यांचा दिवस रेडिओवर चालतो. सकाळी भक्तिगीतं लागली की देवापुढे दिवा. संस्कृत बातम्या लागल्या की चहा, मग त्यातलं एक अक्षर कळत नसलं तरी चालेल. दुपारच्या बातम्यांना भात उतरवायचा, कामगारांची गाणी लागली की जरा पाठ टेकायची. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. घरची सगळी जमीन कधीच गोदामांखाली गेली, भाताचं एक रोप उरलं नाही. तरी बाजारभाव सांगत असताना कुणी तोंड उघडलं, तर जानकीबाई हात वर करून त्याला गप्प करतात.

त्यांची सून वैशाली. माहेर दापोड्याचं, शाळा भिवंडीतली, मराठी माध्यमाची. पाचवीत पहिल्याच दिवशी बाईंना उत्तर देताना तोंडातून "न्हाय" निघालं आणि सगळा वर्ग खो खो हसला. त्यानंतर वैशालीने तो शब्द कधी उच्चारला नाही. वक्तृत्वात बक्षिसं घेतली. "तू एक दिवस रेडिओवर बोलशील," असं बाई म्हणाल्या होत्या, आणि ते तिने मनात जपून ठेवलं होतं. लग्न झालं, मृणाली झाली, तरी.

म्हणून आठ दिवसांपूर्वी आकाशवाणीतून फोन आला तेव्हा तिने बोलण्याआधी केस सारखे केले. बायकांच्या कार्यक्रमासाठी तिने पत्र पाठवलं होतं. विषय होता विसरत चाललेले पदार्थ. तिने लिहिलं होतं खाडीतल्या निवट्यांच्या कालवणाबद्दल. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे इवलेसे मासे, अंगाला बुळबुळीत. ती कृती जानकीबाईंची. वैशालीला अजून हातात निवटी धरवत नाही.

"आपण बोलणं रेकॉर्ड करून घेऊ," रेडिओवरच्या ताई म्हणाल्या. "निवट्या स्वच्छ कशा करायच्या?"

"पीठ लावून चोळायच्या," वैशाली म्हणाली. चुलीतली राख हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला होता. पण अख्खा महाराष्ट्र ऐकणार, त्यात राख कसली सांगायची?

मागून परसदारातून जानकीबाई ओरडल्या, "पीठ न्हाय गो! राखेनी चोल बोल त्यांना! राखेनी!"

ताई हसल्या. "कोण आहे मागे? छान ठसक्यात बोलतायत!"

वैशाली फोन घेऊन ओट्यावर गेली, मागे दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या कामाच्या मावशी आहेत."

तोंडातून गेलं आणि गेलंच. ताईंनी पुढचा प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं, आभार मानून फोन ठेवला. आत आली तर जानकीबाई पदराला हात पुसत उभ्या. "झाला? राख बोललीस ना?"

"हो," वैशाली म्हणाली.

आणि आज दुपारी बाराला तो कार्यक्रम लागणार होता.

सकाळी भक्तिगीतं चालू असताना वैशाली देवापुढे उभी राहिली. रोज ती देवीच्या तसबिरीला डोळे भरून बघते. आज नजर समईच्या वर जाईना. सांगून टाकू, आत्ताच सांगू, असं ठरवून ती स्वयंपाकघरात आली. "आई, मला एक सांगायचं होतं..."

जानकीबाईंनी हात वर केला. "थांब गो. मच्छीमारांना वाऱ्याचा सांगतान." घरात कुणी होडीला हात लावला त्याला वीस वर्षं झाली होती.

पुन्हा नऊच्या सुमाराला, नवरा धनेश गोदामावर निघून गेल्यावर, ती म्हणाली, "आई, तो कार्यक्रम तितकासा चांगला नाही झाला. नाही ऐकला तरी चालेल."

"चल, येरी! तुलजेला, तिच्या जावेला, समद्यांना सांगून आले मी. आयकाला या, माजी सून रेडिओन बोलनार हाय!"

मग वैशालीने जे केलं ते तिने स्वतःच्या मुलीला कधी माफ केलं नसतं. जानकीबाई आंघोळीला गेल्या, तेवढ्यात तिने रेडिओच्या मागचं झाकण काढलं, दोन्ही सेल बाहेर घेतले आणि मेथीच्या डब्यात लपवले.

जानकीबाईंनी येऊन बटण फिरवलं. आवाज नाही. हलवला, पाठीवर थापटलं. झाकण उघडून आत पाहिलं आणि क्षणभर वैशालीकडे पाहिलं. वैशाली पोळी लाटत राहिली. गोल पोळीचा पार नकाशा झाला.

"मृणालीनी काडले असतील, कसल्या खेलन्यान घालाला," जानकीबाई म्हणाल्या. पायात चपला सरकवल्या आणि भर उन्हात नाक्यावरच्या दुकानात गेल्या. येताना नवे सेल आणले, आणि वर पेढे.

पावणेबाराला चार बायका चटईवर येऊन बसल्या. शेजारची तुळजा सगळ्यांत पुढे, तिचं हसणं खाडीपलीकडे ऐकू जाणारं. जानकीबाईंनी रेडिओ पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि निरांजन ओवाळलं.

"गो जानकी, रेडिओला व्हवालतेस?" तुळजा म्हणाली.

"रेडिओला कंला? माज्या सुनंला व्हवालते. ती आज त्याच्यान बसलेय."

सगळ्या हसल्या. वैशाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. लाइट जावेत, एवढंच ती मनात देवीला मागत होती. मग आठवलं, सेलवर चालणाऱ्या रेडिओला लाइटचं काय?

कार्यक्रम लागला. आधी गाणं, मग कुणा डॉक्टरीणबाईंचं गुडघेदुखीवर बोलणं. मग तिचा आवाज. स्वच्छ, शाळेतल्यासारखा. "बया, किती गोड बोलते गो!" तुळजा म्हणाली. जानकीबाईंचे डोळे भरून आले होते. मग पीठ आलं. जानकीबाईंच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. मग मागून त्यांचाच आवाज, "राखेनी चोल बोल त्यांना!" बायकांनी टाळ्या पिटल्या. "जानकी पन आली! जानकी पन रेडिओन आली!"

आणि त्या टाळ्यांच्या मागोमाग, "आमच्या कामाच्या मावशी आहेत."

टाळ्या थांबल्या. रेडिओ बोलत राहिला. तुळजाने एकदा वैशालीकडे, एकदा जानकीबाईंकडे पाहिलं. "तुमच्याकं कामाला बाई कवा लागली गो?"

जानकीबाई हसल्या. मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने. "मीच गो ती! मीच बोलले तिला, माजा नाव नको सांगू. नजर लागते. तवा तिनी तसा सांगितला."

"मंग सुट्टी तरी देते का सून?"

"सुट्टी कसली? जेवाला घालते, तेवरा बस."

बायका पोट धरून हसल्या, पेढे खाल्ले, चहा घेतला आणि गेल्या. वैशालीने कुणाच्याही हातात कप देताना मान वर केली नाही. सासूने शिवी दिली असती, चार बायकांत पाणउतारा केला असता, तर ती रडून मोकळी झाली असती. पण आता रडायचंही तोंड तिला उरलं नव्हतं.

बायका गेल्या तेव्हा रेडिओवर दुपारच्या बातम्या लागल्या होत्या. जानकीबाईंनी भात उतरवला नाही. त्या मोरीपाशी बसून कपबशा घासायला लागल्या. वैशाली धावत गेली, त्यांच्या हातातला कप धरला. "आई, द्या ते. मी करते."

"ऱ्हाऊ दे," जानकीबाई खाली बघतच म्हणाल्या. "माजाच काम हाय ते."

त्या दुपारी कामगारांची गाणी लागली आणि संपली. जानकीबाईंनी पाठ टेकली नाही. संध्याकाळी वैशालीने सांजवात लावली, आणि तिथेच देवापुढे बसून आकाशवाणीला एक पोस्टकार्ड लिहायला घेतलं. अक्षर सुंदर, पण चार वेळा पेन थांबलं. शेतीचा कार्यक्रम चालू होता, बाजारभाव सांगत होते. ती उठून सासूपुढे जाऊन बसली आणि, आयुष्यात पहिल्यांदा, बाजारभाव चालू असताना बोलली.

"आई, ऐका." आणि वाचायला लागली. "मागे ज्यांचा आवाज आला त्या कामाच्या मावशी नव्हत्या. त्या माझ्या सासूबाई, श्रीमती जानकीबाई केसरीनाथ पाटील, राहणार अंजूर. कालवणाची कृती त्यांचीच आहे. मी खोटं बोलले, कारण मला त्यांच्या बोलण्याची..." पुढचा शब्द कार्डावर लिहिलेला होता, पण त्यांच्या तोंडावर तो वाचवेना.

जानकीबाईंनी हात वर केला नाही. रेडिओचा आवाज बारीक केला आणि पोस्टकार्डावर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"राख लिवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मावशीचा ऱ्हाऊ दे, नायतर घाल, तुजी मर्जी. पन राख लिव. पिठानी निवटी साफ होत न्हाय. कोन बिचारी आयकून तसाच करल, तिचा कालवन फुकट जाल."

कार्डावर जागा उरली नव्हती. वैशालीने ते आडवं धरलं आणि कडेच्या कोऱ्या पट्टीत, बारीक अक्षरात, लिहिलं: पीठ न्हाय, राख.