बाळंतिणीची खोली

नवरा वारल्यावर सासरच्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, माहेरचा रस्ता दाखवला. पण माहेरचं दार कागदानेच बंद होतं. रत्नागिरीकडचं आमचं घर आजोबांनी कौटुंबिक ट्रस्टमध्ये घातलेलं. मुलग्यांच्या वंशाला कायम राहण्याचा हक्क, लग्न झालेल्या मुलींना फक्त बाळंतपणापुरता. माझी दोन्ही बाळंतपणं तिथेच झाली. आपाला मूलच नाही, म्हणजे हक्कही नाही. ती कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकून होती आणि मी जेद्दाला अल अझीझियातल्या फ्लॅटमध्ये एसी लावून. रागाने माझ्या हातून भांडी आपटली जायची.

गावच्या वकिलांनी फोनवर सांगितलं, सगळे हक्कदार सज्ञान असतील आणि सगळ्यांनी संमती दिली, तर ट्रस्टीला अट बदलता येते. मग मी हात धुऊन चुलतभावांच्या मागे लागले. सगळे इथे सौदीतच कामाला. शुक्रवारी जेवायला बोलावलं आणि सह्या झाल्याशिवाय बिर्याणीच्या डेगचीचं झाकण उघडलं नाही.

राहिले चाचा, म्हणजे आजोबांचा मुलगा आणि ट्रस्टी. मक्केत हॉटेलच्या कामात त्यांचा उभा जन्म गेला. मी त्यांच्याकडे जाऊन बसले.

"अब्बांचा शब्द मी मोडायचा नाय," ते म्हणाले. "वर जाऊन त्यांना काय तोंड दाखवू?"

"घराची कौलं काढायची नाहीत, हीपण त्यांचीच अट होती ना, चाचा?"

वादळात कौलं उडाली तेव्हा चाचांनीच सगळ्यांच्या संमत्या गोळा करून वर स्लॅब घातला होता.

"घरात पाणी गळत होतं गो."

"आपा पडवीत निजते, चाचा."

ते उठून मगरिबच्या नमाजाला गेले. परत आले तरी मी तिथेच बसलेली. सही घेतल्याशिवाय मी उठणार नव्हते आणि ते त्यांना कळलं असावं. त्यांनी चष्मा मागितला.

परत येताना गाडीतूनच आपाला फोन लावला. म्हटलं, आता तुझा हक्क झाला, कुठली खोली हवी ते सांग.

"बाळंतिणीची खोली दे," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांची ताटं घेऊन मीच जायचे तिथे. आता एकदा निजून बघते."