कॉल करू का, सर?

पुण्यातल्या खराडीच्या ऑफिसातला माझा पहिला दिवस. मंदार सर म्हणाले, "अकराला कॉल आहे." मी फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि रेंज मिळावी म्हणून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. अकरा वाजून गेले तरी फोन गप्प! शेवटी शेजारच्या रुख्सारने हेडफोन काढला. "अगं, सगळे तुझ्यासाठी थांबलेत. लॅपटॉपवर ये ना!"

'सगळे' म्हणजे त्याच टेबलाभोवती बसलेली आमची टीम!

"मग इथेच बोललं तर?" मी विचारलं.

सर म्हणाले, "इथे बोललं तर गप्पा होतात. कॉल होत नाही."

असे किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. माझे सगळे या एकाच शब्दाचे. त्यात मी तेव्हा प्रोबेशनवर. कायम होणार की बॅग भरून अकोल्याला जाणार, हे सरांच्या हातात. त्यामुळे कोणी 'कॉल' म्हटलं की मी दचकायचेच.

*

बाबांचा अकोल्याहून फोन. "काय करून राहिली?"

"कॉलवर आहे, बाबा."

"हो, माझ्या. अन् अजून?"

"अजून एका कॉलवर."

"अन् सकाळी?"

"कॉलवरच होते."

बाबांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. "कॉल सेंटरमध्ये लागली म्हणे तू! मले ते क्रेडिट कार्डवाले लय फोन करतात, तेवढे बंद कर ना बाई. तुमचेच लोक असतीन ते!"

*

आमचं अ‍ॅप मार्केट यार्डातले रोजचे भाव दाखवतं. त्यातलं एक बटण हिरवं करू की निळं, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "युअर कॉल." म्हणजे ठरव तूच. मला रात्रभर झोप नाही! सकाळी हिरवं केलं.

"हे हिरवं कोणी केलं?"

"मीच, सर. तुम्ही म्हणालात ना, युअर कॉल?"

"हो, म्हणालो. तू ठरवायचंस आणि मग मला विचारायचंस."

*

एकदा जेवायच्या सुट्टीत मी रुख्सारला सरळ फोन लावला. ती जिन्यावरून धावतच आली. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. डबा आणलायस का, एवढंच विचारायचं होतं."

"मग मेसेज कर ना! आधी 'कॉल करू का' विचारायचं, मग करायचा. न विचारता फोन फक्त कोणी गेलं तरच करतात!"

तेव्हापासून मी न विचारता कोणालाही फोन करायचे नाही.

*

आणि मग माझी पहिली ऑन-कॉल ड्यूटी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी अ‍ॅपच्या तक्रारींचा फोन माझ्याकडे. रविवारची सकाळ, खोलीत मी एकटी आणि ड्यूटीचा फोन वाजला.

"मॅडम, शेलार शेठ बोलतोय, कांद्याच्या गाळ्यावरून. तुमचं अ‍ॅप कालचाच भाव दाखवतंय! आज कांदा चढलाय. इथं एक गिऱ्हाईक मोबाइल नाचवतंय, म्हणतं अ‍ॅपचा भाव तोच खरा भाव!"

अ‍ॅपवर भाव दिसणं बंद करायचं बटण लॅपटॉपवर माझ्यासमोरच होतं. पण सरांच्या होकाराशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा टीमचा नियम. आणि सोमवारी माझ्या प्रोबेशनचा निकाल! दाबलं तर गेले, नाही दाबलं तरी गेले.

मी मेसेज केला, 'सर, कॉल करू का?' उत्तर नाही. पुन्हा केला, 'सर, अर्जंट आहे, कॉल करू का?' उत्तर नाही.

शेठचा पुन्हा फोन. "झालं का?"

"सरांना विचारलंय, फोन करू का म्हणून."

"अहो, मग ते फोन करूनच विचारा की!"

थोड्या वेळाने परत. "मॅडम, गिऱ्हाईक आता पोत्यावर बसलंय. या भावाने कांदा दिल्याशिवाय उठणार नाही म्हणतं. मागं सगळी रांग खोळंबलीय!"

शेवटी डोळे मिटून सरांना सरळ फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. आणि फोन उचलला गेला.

आधी ऐकू आले ते शेलार शेठ. "साहेब, फोनवर नंतर बोला, आधी पोत्यावरून उठा!"

मग सर. "एक मिनिट हो! हां, बोल गं पटकन. हे गृहस्थ म्हणताहेत, आपलं अ‍ॅप चुकलंय!"