परसातलं हवाई बेट

बायको नादीन निवृत्त झाली की तिला हवाईला न्यायचं, असं व्हर्ल हॅस्किनने कबूल केलं होतं. पण त्याच्या गुडघ्यांनी विमानाला नकार दिला, तेव्हा त्याने नवा शब्द दिला, "हवाईच आणतो परसात!" तेही ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या मेसा गावात, ऐन जूनमध्ये! हवाईत असतो तसा बांबूचा टिकी बार, वर गवताचं छप्पर आणि समोर दात विचकणारा लाकडी देव.

पहाटे पाचलाच तो कामाला लागे, कारण नऊनंतर हातोडी हातात धरवत नसे. पण कोरड्या हवेत बांबू फटाफट तडकू लागले. मग त्याने वर पाण्याचे तुषार सोडणारी नळी बसवली, तर गावच्या पाण्यातल्या क्षारांनी आठवड्यात देवाच्या तोंडावर पांढरं पुट चढवलं.

"अरे, म्हातारा झाला की तुझा देव! पेन्शन चालू कर आता," शेजारचा रूडी बाका कुंपणाच्या भिंतीवरून ओरडला.

"तोंड आवर, नाहीतर नळी तुझ्यावर सोडतो!" व्हर्ल व्हिनेगरने देव घासत खेकसला.

शनिवारी दुपारी पाहुणे जमले. नादीन स्टुलावर टेकली आणि चटका बसून ताडकन उठली.

"सुरेख झालाय रे, पण मी आपली खिडकीतून बघते."

तिच्यामागोमाग सगळे पाहुणे आत एसीत पळाले. व्हर्ल एकटाच घाम पुसत अननसाचा रस घुसळत राहिला आणि खिडकीतून पेले देत राहिला.

"बर्फ जास्त घाल हं," आतून नादीन म्हणाली.

"घालतो! आणि ती खिडकी लाव आधी, गार हवा सगळी बाहेर चाललीय!"